तिसरा रकाना

शांतता समितीच्या बैठकीला
आम्हालाही बोलावतात दरवर्षी.
खुर्च्या मांडायला.

चौकीच्या अंगणात पांढरे शर्ट बसतात,
चहा येतो, बिस्किटं येतात,
"आजची तरुण पिढी" असं कुणीतरी सुरू करतं
आणि आम्ही भिंतीला टेकून
आमच्याबद्दल ऐकतो.

म्हणून ही वही.
भवानी पेठेत, झेरॉक्सच्या दुकानात,
लॅमिनेशनच्या मशीनशेजारी,
दोऱ्यानं बांधलेल्या पेनासकट.
रकाने दोन: काय ऐकलं. खरं की खोटं.
बघायला जायचं दोघांनीच,
एक पुढच्या गल्लीतला, एक मागच्या,
आणि परत येईपर्यंत मोबाइल खिशात.

पहिली नोंद: टाकीत काहीतरी कालवलंय.
मी आणि अल्फिया शिडीनं वर चढलो.
आत आमचेच दोन चेहरे हलत होते
आणि एक फुगलेला टेनिसचा चेंडू.
खोटं. चेंडू परत केला.

मग, साळव्यांच्या पोराला त्यांनी मारलं, ससूनला नेलाय.
रात्रीचे साडेअकरा. प्रज्योत आणि नुमान डबलसीट गेले.
पोरगा कॉटवर केळं खात बसलेला.
म्हणाला, स्पीडब्रेकर दिसला नाही रे.
इकडे तीस जण काठ्या घेऊन उभे होते
एका स्पीडब्रेकरसाठी.

एक्केचाळीस नोंदी. एक्केचाळीस वेळा खोटं.
आम्हाला जरा चढलीच होती.
वाटायला लागलं, भांडण म्हणजे नुसता गैरसमज,
कुणीतरी उठून बघून यायला हवं, एवढंच.

बेचाळिसावी अल्फियाच्या अक्षरात:
दिलावरचाचांची गाडी उलथवली.

पाळी माझी होती.
अंजिरं डांबराला चिकटलेली,
एक चाक निखळून गटाराच्या झाकणावर.
चाचा उकिडवे बसून खोकी गोळा करत होते.
कुणी केलं, विचारलं.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खोक्याकडे.
"अंधेरा था, बेटी."

अंधार नव्हता. दिवा डोक्यावर जळत होता,
आणि गाडीखाली जी एक चप्पल पडली होती
ती मी सकाळीच ओलांडली होती
आमच्या उंबऱ्यात.

पेन चालेना.
चालत होतं खरं तर.
अल्फिया बाजूला उभी राहिली, काही बोलली नाही.
लिहिलं: खरं. माझा भाऊ, मोनेश.

आणि तिथे वही संपली.
म्हणजे पानं होती,
पण खरं निघालं तर पुढे काय,
हे आम्ही आखलंच नव्हतं.
प्रज्योतनं पट्टी घेतली, तिसरी रेघ मारली. वाकडी.
वर काय लिहायचं ते कुणालाच सुचलं नाही.

घरी मोनेश दोन दिवस माझ्या हातचं जेवला नाही.
आई म्हणाली, घरातलं घरात ठेवायचं असतं.
मी म्हणाले, गाडी रस्त्यावर होती, आई.

रविवारी नऊला दोघांना दुकानासमोर बोलावलं.
चाचा पावणेनऊलाच, इस्त्रीच्या सदऱ्यात.
मोनेश दहा वाजून गेल्यावर, गॅरेजच्या कपड्यांत.
माफी मागितली नाही.
चाचांनीही मागायला लावली नाही.
तो खाली बसला, चाक बोटावर फिरवून बघितलं,
बराच वेळ फिरवत राहिला.
"बेअरिंग गेलंय," म्हणाला चाकाला.
"तेरा नंबरचा पाना द्या कुणीतरी."

आम्ही सहाच्या सहा जण पळालो.

वर्ष झालं.
तिसऱ्या रकान्याला अजून नाव नाही,
पण तोच लवकर भरतो हल्ली.
बैठकीचा निरोप आलाय: खुर्च्या चाळीस.
जाणार आहोत. वही घेऊन.
मांडून झाल्या की
त्यांतल्या सातांवर बसणार आहोत.
एकीचा पाय मोडलेला आहे, ती मला ठेवा,
असं मोनेश म्हणतोय.